सामना लावलेला असतो, बघत कोणी नसतं

एप्रिल-मे महिन्यात चाळिशीतल्या क्रिकेटवेड्या माणसाच्या घरी हे चित्र हमखास दिसतं. साडेसातला टीव्हीवर आयपीएल लागते. जेवणं उरकतात, ओटा आवरला जातो, कोणी उद्याच्या डब्याची भाजी निवडत बसतं. षटकार गेला की नजर वर जाते आणि रीप्ले संपायच्या आत खाली येते. रात्री कोण जिंकलं हे सकाळी फोनमध्ये बघावं लागतं. हाच माणूस 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गंभीर 97 वर पुढे सरसावून कसा त्रिफळाचीत झाला, हे आजही हातवारे करून सांगतो.

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "वय झालं, आता पूर्वीसारखं राहिलं नाही." वयाचा त्यात वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. खेळाची आवड वाट बघण्यावर जगते. पुढच्या सामन्याची वाट, आवडत्या खेळाडूच्या शतकाची वाट, आपला संघ एकदाचा जिंकेल याची वाट. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत ही वाट बघणंच संपत गेलं. ते कसं संपलं हे नीट बघितलं, तर उपायही सापडतो.

आधी साधा हिशेब करू. 2008 च्या पहिल्या हंगामात आठ संघ होते आणि वेळापत्रकात 59 सामने. 2022 पासून दहा संघ आणि 74 सामने झाले. डावांमधली विश्रांती वीस मिनिटांची, प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट, शिवाय रिव्ह्यू आणि क्षेत्ररचनेतला वेळ. सगळं धरून एक सामना सहज पावणेचार तास खातो. चौऱ्याहत्तर सामन्यांचे होतात जवळपास 277 तास, म्हणजे आठ तासांची ड्यूटी धरली तर पस्तीस दिवसांची नोकरी. त्यात खरा खेळ किती? वाइड-नोबॉल सोडले तर सामन्यात 240 चेंडू. गोलंदाज धावायला लागल्यापासून चेंडू मृत होईपर्यंत दहा सेकंद धरले, तर चाळीस मिनिटं. बाकीचे तीन तास आपण खेळाच्या आसपासचं काहीतरी बघत असतो. विशीतला मुलगा ते तीन तास मित्रांशी वाद घालत काढतो, म्हणून त्याला ते जाणवत नाहीत. नोकरी, घर, आईवडिलांचं औषधपाणी सांभाळणाऱ्या माणसाला ते लगेच बोचतात. वयाचा वाटा म्हणतात तो एवढाच.

त्याहून मोठं नुकसान म्हणजे विजय मनात मुरायला वेळ मिळत नाही. 29 जून 2024 ला भारताने बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. 4 जुलैला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र उसळला. आणि 6 जुलैला हरारेत भारताचा दुसरा संघ झिम्बाब्वेकडून 13 धावांनी हरला. वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेल्या आनंदाचे पेढे संपायच्या आत पुढचा सामना लागला होता. 2025 मध्येही तेच झालं. 9 मार्चला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली आणि 22 मार्चला आयपीएल सुरू. चाहत्याचं मन असं तेरा दिवसांत एका निष्ठेवरून दुसरीवर उडी मारत नाही. त्याला ताण येतो, आणि तो ताण कंटाळ्याच्या रूपाने बाहेर पडतो.

आकड्यांचंही तसंच झालं. 23 एप्रिल 2013 ला ख्रिस गेलने नाबाद 175 धावा केल्या आणि बंगळूरने 5 बाद 263. आयपीएलमधला हा सांघिक उच्चांक अकरा वर्षं टिकला. 263 म्हटलं की लोकांना गेल आठवायचा. 2024 च्या एकाच हंगामात तो चार वेळा ओलांडला गेला, 277, 272, 287 आणि 266. त्या हंगामात अडीचशेच्या वर आठ डाव गेले. यातले किती आकडे कोणाला लक्षात आहेत? जे रोज घडतं त्याची गोष्ट होत नाही.

यामागे यंत्रणा आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. 2023 पासून इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला. आधी फलंदाजी करणारा संघ एक जादा फलंदाज खेळवतो आणि गोलंदाजीच्या वेळी त्याच्या जागी गोलंदाज आणतो. कागदावर हा एका माणसाचा बदल आहे. प्रत्यक्षात आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी लांबते, त्यामुळे दुसऱ्या षटकापासून विकेट फेकायची कोणाला भीती राहत नाही. विकेटची किंमत गेली की गोलंदाजाचं हत्यार बोथट होतं. वर सपाट खेळपट्ट्या आणि आत ओढलेल्या सीमारेषा. चेंडू आणि बॅट यांच्यातली लढाई बघायला बसलेल्या जाणत्या प्रेक्षकाला मग एकाच बाजूचं काम दिसत राहतं. "सगळे सामने सारखेच वाटतात" ही तक्रार खरी आहे. अनुभवी डोळ्याला ते बरोबर दिसलेलं असतं.

संघाचा प्रश्न पुण्यातल्या माणसाला विचारावा. 2011 मध्ये पुणे वॉरियर्स आला, 2013 नंतर गेला. 2016 मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स आला, पुढच्या वर्षी नावातला शेवटचा ‘स’ गेला, धोनीकडचं कर्णधारपद स्मिथकडे आलं. 21 मे 2017 ला हैदराबादेत हा संघ अंतिम सामना खेळला. मुंबईच्या 129 धावा, शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या आणि पुणे 128 वर थांबलं. एका धावेने हुकलेला चषक ही चाहत्याची आयुष्यभराची ठेव असते. पुढच्या वर्षी भरून काढू म्हणत तो उभा राहतो. इथे पुढचं वर्षच नव्हतं. दोन हंगामांचा करार संपला आणि संघ विसर्जित झाला. त्या शहरातल्या लोकांनी आयपीएल बघणं कमी केलं असेल, तर त्यांच्या निष्ठेत खोट काढता येत नाही.

जिथे संघ टिकला तिथे माणसं बदलली. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाला झालेल्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक संघाला जास्तीत जास्त सहा खेळाडू राखता येत होते. श्रेयस अय्यरने 2024 मध्ये कोलकात्याला चषक जिंकून दिला. लिलावात पंजाबने त्याला 26 कोटी 75 लाखांना घेतलं आणि 2025 च्या अंतिम सामन्यात तो पंजाबचा कर्णधार होता. खेळाडूच्या दृष्टीने यात काही चूक नाही, उलट योग्य मोबदला मिळाला. चाहत्याचं गणित मात्र वेगळं असतं. एखाद्या खेळाडूला ‘आपला’ म्हणायला त्याचे दोन-तीन वाईट हंगाम त्याच्यासोबत काढावे लागतात. दर तीन वर्षांनी पाटी कोरी झाली तर ते घडतच नाही. 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईच्याच कर्णधाराची, रोहितच्या जागी आणलेल्या हार्दिक पंड्याची, हुर्यो उडवली गेली. ते वागणं समर्थनीय नव्हतं, पण त्याचं मूळ याच तुटलेपणात होतं.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पैशांच्या फँटसी अॅपनी निष्ठेची मुळंच कुरतडली. दोन्ही संघांतून अकरा जण निवडायचे म्हटल्यावर आपल्याच गोलंदाजाने समोरच्या फलंदाजाला बाद करू नये असं वाटायला लागतं, कारण तो आपल्या यादीत कर्णधार असतो. सामना बघताना मन एका बाजूला राहत नाही. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे असे खेळ बंद केले. त्यानंतर ज्यांना क्रिकेट एकदम अळणी लागू लागलं, त्यांनी हे ओळखावं की मिटली ती पैजेची ओढ होती. खेळाची ओढ आधीच गेली होती, तिला परत यायला काही महिने द्यावे लागतात.

वयाचा खरा चटका एका ठिकाणी बसतो. ज्यांच्यासोबत आपण वाढलो ते खेळाडू थांबतात. सचिन 16 नोव्हेंबर 2013 ला थांबला, तेव्हा एका पिढीने टीव्ही बंद केला. मे 2025 मध्ये रोहित आणि विराट पाच दिवसांच्या अंतराने कसोटीतून बाजूला झाले, तेव्हा दुसरीने. आणि नवे कोण? 28 एप्रिल 2025 ला जयपूरला वैभव सूर्यवंशीने 35 चेंडूंत शतक ठोकलं. त्याचा जन्म 27 मार्च 2011 चा, म्हणजे वानखेडेवर धोनीने विश्वचषक जिंकून देणारा तो षटकार मारला तेव्हा हे बाळ सहा दिवसांचं होतं. अशा मुलाचं पोस्टर भिंतीवर लावता येत नाही. त्याच्याकडे आदर्श म्हणून न बघता घरातल्या गुणी मुलाकडे बघावं तसं बघायची सवय करावी लागते. ती जमली की खेळाडूचं तंत्र, त्याची चूक, त्याची सुधारणा जास्त स्पष्ट दिसते. चाळिशीतल्या चाहत्याला ही नजर मिळते, विशीतल्याला नाही.

एक प्रकार मात्र वेगळा ठेवायला हवा. 2000 सालचं निकालनिश्चितीचं प्रकरण किंवा 2013 चं स्पॉट फिक्सिंग, ज्यानंतर दोन संघ दोन हंगामांसाठी निलंबित झाले, यांमुळे ज्यांचा विश्वासच उडाला, त्यांना पुढचे उपाय लागू पडणार नाहीत. कंटाळा कमी बघितल्याने जातो, अविश्वास जात नाही. त्यांनी पैसा नसलेला खेळ बघावा, म्हणजे शाळेचा, क्लबचा, गल्लीतला.

बाकीच्यांनी आधी निदान करावं. कंटाळा क्रिकेटचा आहे की प्रक्षेपणाचा? चाचणी सोपी आहे. रस्त्याने जाताना मैदानात लेदर बॉलवर सामना चालू दिसला, तर पाय थांबतात का? एक चेंडू बघून निघू म्हणत षटक पूर्ण होईपर्यंत उभं राहिलात, तर खेळाची आवड शाबूत आहे. पाय थांबलेच नाहीत तर क्रिकेट सोडून द्यायला काहीच हरकत नाही. कबड्डी आहे, ट्रेक आहेत, झोप आहे.

आवड शाबूत असेल तर पहिलं काम फोनवर करायचं. क्रिकेटच्या सगळ्या अॅपच्या सूचना बंद, क्लिपा पाठवणारे गट म्यूट, आणि महिनाभर काहीही थेट बघायचं नाही. सकाळी वर्तमानपत्रातला धावफलक वाचायला हरकत नाही. धावफलक वाचताना सामना डोक्यात उभा करावा लागतो आणि तोच स्नायू ढिला पडलेला असतो. पहिला आठवडा हात फोनकडे जातो. तिसऱ्या आठवड्यात कुठल्या तरी एकाच सामन्याबद्दल मनापासून उत्सुकता वाटते. तो सामना लक्षात ठेवायचा, कारण पुढे काय बघायचं हे त्यावरून ठरतं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे महिना संपल्यावर पुन्हा सगळंच बघायला लागणं. वर्षाला एक संघ आणि एक प्रकार एवढंच धरावं. कसोटी धरली तर आयपीएलचा फक्त शेवटचा आठवडा. आयपीएल धरली तर एकाच संघाचे चौदा साखळी सामने, दुसरे नाहीत. परदेशातल्या मराठी मंडळींना हे जास्त गरजेचं आहे. साडेसातचा सामना एप्रिलमध्ये लंडनला दुपारी तीनला आणि न्यू जर्सीत सकाळी दहाला लागतो, म्हणजे ऐन कामाच्या वेळी. कामाच्या खिडकीशेजारी कोपऱ्यात चालणारा सामना बघून होतही नाही आणि सुटतही नाही. त्यापेक्षा आठवड्याला शनिवार-रविवारचा एकच सामना, पण चार जणांनी एकत्र बसून बघावा.

माझ्या मते सगळ्यात गुणकारी औषध मात्र रणजी सामना, म्हणजे देशांतर्गत संघांचा चार दिवसांचा सामना आहे. महाराष्ट्रातल्या माणसाला इथे तीन संघ आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ, आणि यांतला आपला संघ लिलावात जात नाही. बाहेरून येणारे खेळाडू असतात, पण मोजके. साखळी सामन्यांना बहुतेक वेळा तिकीटही नसतं. मुंबईत वानखेडे किंवा बीकेसी, पुण्याजवळ गहुंजे, नाशकात अनंत कान्हेरे मैदान, नागपुरात जामठा, गोव्यात पर्वरी. हंगाम हल्ली दोन तुकड्यांत होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग जानेवारीपासून पुढे. खेळ साडेनऊला सुरू, साडेअकराला जेवण, 12.10 ते 2.10 दुसरं सत्र, अडीच ते साडेचार तिसरं.

चारही दिवस जायची गरज नाही. पहिल्या दिवशीचा पहिला तास बघावा, नवा चेंडू आणि सकाळचा दव यांत फलंदाजाचं खरं तंत्र उघडं पडतं. किंवा 80 षटकं होत आली की जावं, कारण तिथे दुसरा नवा चेंडू मिळतो आणि थकलेल्या डावाला एकदम जाग येते. सगळ्यात रंगतदार वेळ म्हणजे पहिल्या डावाच्या आघाडीची झुंज. सामना अनिर्णित राहिला तर आघाडी घेणाऱ्याला 3 गुण, दुसऱ्याला 1. निर्णायक विजयाला 6, आणि डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलं तर 7. हे गणित माहीत नसेल तर तिसऱ्या दिवशीचं संथ खेळणं रटाळ वाटतं. माहीत असेल तर अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूने पॅडवर घेतलेला चेंडूही छातीत धडकी भरवतो. 2025 च्या रणजी अंतिम सामन्यात जामठ्याला विदर्भाच्या 379 ला केरळने 342 चं उत्तर दिलं. कर्णधार सचिन बेबी 98 वर बाद झाला. सामना पाच दिवस चालला, अनिर्णित राहिला, आणि त्या 37 धावांवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. त्याच हंगामात हर्ष दुबेने 69 बळी घेतले, एका रणजी हंगामातला विक्रम. हा मुलगा नागपूरच्या मैदानावर फुकटात बघायला मिळत होता.

बसायची जागा महत्त्वाची. गोलंदाजाच्या पाठीमागे, सरळ रेषेत बसावं. आडव्या बाजूला बसलात तर चेंडू आत आला की बाहेर गेला हे कळत नाही आणि अर्ध्या तासात कंटाळा येतो. बरेचदा एकच स्टँड उघडा असतो. तेव्हा फाटकावरच्या माणसाला विनंती करून बघावी, सहसा ऐकतात. ऊन टाळायचं तर पश्चिमेकडचा स्टँड, दुपारनंतर तिथे सावली येते. मैदानावर खायला काही मिळेलच असं नाही. पोळीभाजीचा डबा आणि दोन लिटर पाणी जवळ असावं, टोपी तर हवीच. मुलांना नेणार असाल तर एकच सत्र, दोन तास. दिवसभर बसवलं तर ते पुन्हा येणार नाहीत.

आणि वही न्या. धावफलक स्वतः लिहिणं हा मन खेळात गुंतवायचा जुना, हमखास उपाय आहे. डाव्या पानावर फलंदाज, उजव्या पानावर गोलंदाज, प्रत्येक षटकाला एक चौकट. निर्धाव चेंडूला ठिपका, धावांना आकडा, वाइडला फुली, नोबॉलला गोल, बायला त्रिकोण, लेगबायला उलटा त्रिकोण. सहाही ठिपके पडले की ते जोडून इंग्रजी ‘एम’ काढायचा, निर्धाव षटकात विकेट असेल तर ‘डब्ल्यू’. हिशेब दोन्हीकडून जुळायला हवा. फलंदाजांच्या धावा अधिक सगळ्या अवांतर म्हणजे एकूण. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेगबाय म्हणजेही तेवढंच. वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय-लेगबाय जात नाहीत, आणि नव्या माणसाचा हिशेब नेमका इथेच चुकतो. दुसरी चूक म्हणजे सीमापार गेलेला वाइड चार लिहिणं. तो पाच. पहिल्या दिवशी वीस षटकं लिहून झाली तरी पुष्कळ. हात लिहिता असताना फोन बघता येत नाही, आणि दहाव्या षटकाच्या सुमाराला लक्षात येतं की गोलंदाज फलंदाजाला हळूहळू यष्टीबाहेर ओढतोय.

वाट बघण्याचं बळ काय असतं ते 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळला दिसलं. भारताच्या मुलींनी 1978 पासून एकदिवसीय विश्वचषक खेळायला सुरुवात केली. 2005 चा अंतिम सामना त्या हरल्या, 2017 चा लॉर्ड्सवर 9 धावांनी. या वेळी उपांत्य फेरीत जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद 127 धावा करून ऑस्ट्रेलियाचं 339 चं लक्ष्य पार करून दिलं. अंतिम सामना पावसाने पाचला सुरू झाला, मध्यरात्रीपर्यंत चालला आणि दक्षिण आफ्रिका 52 धावांनी हरली. सांगलीच्या स्मृती मानधनाची पिढी ज्याची वाट बघत वाढली ते घडत होतं, म्हणून त्या रात्री टीव्हीसमोरून कोणी उठलं नाही. भाजी निवडायची राहिली तर राहिली.

पावसाळ्यात रणजी नसते, तेव्हा मुंबईकरांना कांगा लीग आहे, 1948 पासूनची. खेळपट्टी ओली, गवत वाढलेलं, त्यामुळे जमिनीवरून मारलेला चेंडू सीमेपर्यंत पोचत नाही आणि चांगल्या फलंदाजाला हवेतून मारायचा धोका पत्करावा लागतो. तिथे तीस धावा करणाऱ्याने खरा डाव खेळलेला असतो. रविवारी सकाळी आझाद मैदानावर जा. एका सामन्याचा थर्डमॅन शेजारच्या सामन्याच्या मिडविकेटला खेटून उभा दिसेल. दोरीपासून दहा पावलं मागे, झाडाखाली उभे राहा. वहीसाठी पेन नको, पेन्सिल न्या, शाई पावसात पसरते.